गणिताशी जमत नाही, पुढचा रस्ता कोणता?

दहावीच्या निकालानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच काळजी वारंवार दिसली. मूल अभ्यासू आहे, पण गणितात मागे पडते. त्याचे पुढे कसे होणार? कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या अशा काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीत मराठीत ८६, सामाजिक शास्त्रांत ८४, हिंदीत ८२, इंग्रजीत ७४, विज्ञानात ६६ आणि गणितात ४१ गुण मिळाले. सर्वोत्तम पाच विषयांच्या नियमामुळे टक्केवारी ७८.४० झाली. घरातले म्हणतात, एवढे गुण आहेत तर सायन्सच घ्यायचे. तिचे काका म्हणतात, डिप्लोमाला घाला, नोकरी लवकर लागेल. मुलगी म्हणते, जिथे गणित अजिबात नाही तिथेच मी जाणार. अशी क्षेत्रे कोणती?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : तुमच्या मुलीचे भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले गुण हे मोठे भांडवल आहे. घरातली सगळी चर्चा त्या ४१ गुणांभोवतीच फिरत असावी, असे पत्रावरून वाटते. म्हणून ते ४१ गुण कसे आले, हे आधी पाहू. राज्य मंडळाच्या गणितात बीजगणिताची लेखी परीक्षा ४० गुणांची, भूमितीची ४० गुणांची आणि शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. अंतर्गत गुण बहुतेक मुलांना भरभरून मिळतात, ते वगळले की लेखी ८० पैकी प्रत्यक्षात किती मिळाले ते कळते. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती मागवून एखाद्या जाणत्या शिक्षकांसमोर ठेवा. भूमितीच्या सिद्धता जमल्या नाहीत म्हणून गुण गेले असतील, तर पुढच्या बऱ्याच शिक्षणाला त्याची झळ बसणार नाही. अपूर्णांक, चिन्हे आणि समीकरणांच्या साध्या पायऱ्यांवर गुण गेले असतील, तर ती उणीव कोणत्याही शाखेत पाठीशी लागते आणि ती भरून काढावीच लागते.

सर्वोत्तम पाचचा नियम मुलांना दिलासा देणारा आहे, यात शंका नाही. मात्र अकरावीची शाखा निवडताना त्याच नियमामुळे घरच्यांची दिशाभूल होते. प्रवेश टक्केवारीवर मिळतो आणि तुमच्या मुलीच्या ७८.४० टक्क्यांत गणिताचा एकही गुण मोजलेला नाही. सायन्सला प्रवेश मिळाला म्हणजे सायन्स झेपेल असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. अकरावी-बारावी सायन्सला गणित न घेता जीवशास्त्र घेता येते, हे खरे. पण भौतिकशास्त्र सोडता येत नाही, आणि भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवताना गणित सोडल्याची सवलत मिळत नाही.

डिप्लोमाबद्दल तर काकांना माझा नम्र पण ठाम विरोध कळवा. गणितात कमी गुण मिळालेल्या मुलांना अभियांत्रिकी पदविकेला घालण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. पॉलिटेक्निकच्या पहिल्याच वर्षी मूलभूत आणि उपयोजित गणित असे दोन पेपर असतात, आणि पुढे यंत्र, स्थापत्य, विद्युत यांपैकी कोणतीही शाखा घेतली तरी गणिते सुटत नाहीत. गणित टाळायचे म्हणून पॉलिटेक्निक निवडणाऱ्या मुलाला गणित आणखी लवकर आणि आणखी वेगाने भेटते.

आता ‘अजिबात गणित नसलेले क्षेत्र’ याविषयी. असे क्षेत्र शोधत बसण्यापेक्षा, त्या क्षेत्रात कोणते गणित लागते, कितव्या वर्षी लागते आणि किती लागते, असे विचारावे. अंकगणित, म्हणजे शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि व्याज, जवळजवळ सगळीकडे लागते. हुपरीतल्या चांदी कारागिराचा हिशेब टंचाच्या, म्हणजे चांदीच्या शुद्धतेच्या, टक्केवारीवरच चालतो. संख्याशास्त्र मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात लागते. ‘आर्ट्सला गणित नाही’ अशा समजुतीने मानसशास्त्र घेतलेल्या मुली संशोधनपद्धतीच्या पेपरपाशी अडखळतात, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवते. कॅल्क्युलस, त्रिकोणमिती आणि वरच्या पातळीचे बीजगणित मात्र मुख्यतः अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या पदव्यांत लागते. बारावीला गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा आणि आर्किटेक्चर हे दरवाजे बंद होतात. ते तिला नकोच असतील, तर तिचे काहीही नुकसान नाही.

तिच्या गुणांकडे पाहून माझ्या मनात पहिले नाव येते ते कायद्याचे. बारावी कोणत्याही शाखेतून केल्यावर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देता येते. त्या परीक्षेत कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी यांवर भर असतो, गणिताचा भाग अगदी लहान आणि प्राथमिक असतो. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीचा मार्गही आहे. कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज आहेच. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातील प्रकरणे आपल्या शहरात येऊ लागली आहेत. चांगले मराठी आणि चांगले इंग्रजी या दोन्ही भाषांत मसुदा लिहू शकणाऱ्या तरुण वकिलाला इथे जी संधी आहे, ती याआधीच्या पिढीला मुंबईला गेल्याशिवाय मिळत नव्हती.

याखेरीज पत्रकारिता, भाषांतर, ग्रंथालयशास्त्र आणि समाजकार्य या वाटा आहेत. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे जर्मन, जपानी, रशियन या भाषांची माहिती जरूर घ्या. तिची चित्रकला चांगली असेल, तर आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या शहरात कलामहाविद्यालयाचा विचार करायला संकोच वाटू नये. अकरावीला आर्ट्स घेणे म्हणजे हार मानणे, ही समजूत मात्र घरात कोणी तिच्यासमोर बोलून दाखवू नये, एवढी विनंती करते. जिला जे उत्तम येते ते तिने शिकावे, यात कमीपणा कसला?

एक गोष्ट तिलाही सांगा. स्पर्धा परीक्षा द्यायची मनात असेल, तर अंकगणिताशी तोडून चालणार नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर केवळ पात्रतेचा आहे आणि त्यात ३३ टक्के गुण पुरतात, तरी ते मिळवावे लागतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित असतेच. सातवी-आठवीच्या पुस्तकांतली शेकडेवारी आणि काळ-काम-वेग या सुटीत घरच्या घरी करून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्स पास होऊन बारावीत गेले आहे. गणित सोडून जीवशास्त्र घेतले, पण फिजिक्सची गणिते येत नाहीत. जीवशास्त्र मात्र मनापासून आवडते. नीटमध्ये माझे काही होणार नाही असे वाटते. आत्ताच आर्ट्सला बदलून घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : शाखा बदलण्याची घाई करू नकोस. जो विषय मनापासून आवडतो तो तुझ्या हातात आहे आणि त्याचे वजनही मोठे आहे. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राला आहेत, भौतिकशास्त्राला १८०. तरीही वैद्यकीय प्रवेशाची चुरस एवढी आहे की भौतिकशास्त्राकडे पूर्ण पाठ फिरवून एमबीबीएसची जागा मिळणे अवघड, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. म्हणून नीटबरोबरच एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट जरूर दे. तो २०० गुणांचा असतो, त्यातले १०० जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी ५० भौतिक व रसायनशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. त्या गुणांवर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या दोन्ही पदव्यांचे प्रवेश होतात. कृषी पदवीसाठी कोल्हापुरातच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे.

बी.फार्मसीला जाणार असशील तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. बारावीला गणित नसलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात पूरक गणिताचा पेपर असतो आणि त्यात लॉगॅरिथम, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस यांची ओळख असते. तो एकाच सत्रापुरता आहे. आधीपासून ठाऊक असेल, तर एका सत्राची मेहनत करून तो सुटतो. अचानक समोर आला तर मुली घाबरतात. नर्सिंगमध्ये मोठे गणित नाही, पण औषधाची मात्रा आणि सलाइनचे थेंब मोजण्याचे गुणोत्तर बिनचूक यावेच लागते, कारण तिथली चूक रुग्णाला भोगावी लागते. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या बी.एस्सी.लाही द्रावणाची तीव्रता काढण्याइतके गणित पुरते, पुढे संशोधनात शिरल्यावर संख्याशास्त्र येते.

आता तुझ्या खऱ्या अडचणीविषयी. फिजिक्स येत नाही असे म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना संकल्पना कळलेली असते, त्यांचे अडते सूत्र फिरवून हवी ती राशी एका बाजूला आणताना, दहाचे घात हाताळताना, एकके बदलताना आणि आलेख वाचताना. हे चारही भाग आठवी-नववीचे आहेत. बारावीच्या शिकवणीत ते कोणी शिकवत नाही, कारण ते येत असतीलच असे गृहीत धरलेले असते. गडहिंग्लजमध्येच तुझ्या जुन्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांकडे जा, नववीचे पुस्तक घेऊन जा, आणि न लाजता सांग की मला एवढेच शिकवा. रोज अर्धा तास दिलास तर दिवाळीपर्यंत फरक जाणवेल. त्यानंतरही फिजिक्स नकोसेच वाटले, तर बारावी पूर्ण करून कोणत्याही बी.ए.ला किंवा विधी शाखेला जाता येते. आज बदलून एक वर्ष मागे जाण्यापेक्षा ते चांगले.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. मुलगा दहावीत फक्त गणितात नापास झाला. भाऊबंद म्हणतात, शाळा पुरे, हाताखाली घे. पोराचे हात कामाला चांगले आहेत, मोटरसायकल पूर्ण खोलून परत जोडतो. काय करावे?
— एक पालक, शिये

उत्तर : भाऊसाहेब, ज्या मुलाला मोटरसायकल खोलून जोडता येते त्याच्यात क्रम लक्षात ठेवण्याची, मापाचा अंदाज घेण्याची आणि दोष शोधण्याची बुद्धी आहे. त्याच्या शिक्षणाला इथेच पूर्णविराम देऊ नका. एका विषयात राहिलेल्या मुलाला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षाही जून-जुलैच्या सुमारास होते. तिचा अर्ज शाळेतून आधी भरा. बीजगणित आणि भूमिती मिळून मोजकेच धडे पक्के केले तरी ३५ गुणांचा पल्ला गाठता येतो, त्यासाठी सगळे पुस्तक पाठ करायची गरज नसते.

पुढे त्याला कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयकडे न्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, डिझेल मेकॅनिक या ट्रेडची कामे त्याला प्रत्यक्ष पाहू द्या. काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही प्रवेश आहे, पण दहावी पास झालेल्याला निवडीला वाव जास्त मिळतो. अभियांत्रिकी ट्रेडमध्ये वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो. त्यात अपूर्णांक, एकके, क्षेत्रफळ, घनफळ आणि टक्केवारी असते. हेच गणित फळ्यावर न जमलेली मुले हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर आल्यावर शिकतात, कारण तिथे प्रत्येक आकडा समोरच्या वस्तूचा असतो. दोन वर्षांचा आयटीआय उत्तीर्ण झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे पुढे शिकायची इच्छा झाली तर वाट उघडी राहते. तोवर त्याची गणिताशी ओळखही झालेली असेल.

हाताखाली घेण्याबद्दल तुम्हालाच विचारते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते : मोल्डिंगवर वीस वर्षे घालवलेला माणूस आणि ड्रॉइंग वाचून सीएनसी मशीन लावणारा माणूस यांच्या पगारात आणि पाठदुखीत किती अंतर असते? आपल्या उद्यमनगरात आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या वसाहतींत कुशल हातांची गरज आहे. पण कागदावरचे प्रमाणपत्र नसलेल्या कुशल माणसालाही हेल्परच्या पगारावर ठेवले जाते, हे आपण सगळेच पाहतो. मुलाला सुटीच्या दिवशी कारखाना दाखवायला अवश्य न्या, मात्र आयटीआयऐवजी नेऊ नका.

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या फौजेत आहेत. मला अधिकारी व्हायचे आहे, पण एनडीएच्या गणिताची धास्ती वाटते. बारावी आर्ट्सला आहे.
— एक विद्यार्थी, शिरोळ तालुका

उत्तर : एनडीएच्या लष्कर शाखेला बारावी कोणत्याही शाखेतून चालते, म्हणून आर्ट्सची अनेक मुले अर्ज भरतात, पण लेखी परीक्षेत गणिताचा स्वतंत्र ३०० गुणांचा पेपर असतो आणि तो अकरावी-बारावीच्या पातळीचा असतो. तुला गणित खरोखर जमत नसेल, तर पदवीनंतरची वाट धर. सीडीएस या पदवीधरांच्या लष्करी अधिकारी भरती परीक्षेत ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे दोनच पेपर असतात, गणिताचा पेपर नसतो. याहून सोपी नव्हे पण सरळ अशी वाट एनसीसीची आहे. ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असतील, तर लेखी परीक्षेशिवाय एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. म्हणून एनसीसीचे युनिट असलेले महाविद्यालयच निवड आणि पहिल्याच वर्षी नाव नोंदव. सैनिक टाकळीसारखे गाव तुझ्याच तालुक्यात आहे. तिथल्या निवृत्त अधिकाऱ्यांना भेटून एसएसबीविषयी विचार, शिकवणीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : अकरावी कॉमर्सला गणित न घेता चिटणिसाची कार्यपद्धती घेतली, तर पुढे सीए होता येते का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : होता येते. सीए फाउंडेशनसाठी बारावीला गणित असण्याची अट नाही. मात्र फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात १०० पैकी ४० गुण व्यावसायिक गणिताला, ४० संख्याशास्त्राला आणि २० तर्काला असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात, त्यामुळे हा पेपर बाजूला ठेवता येत नाही. वाणिज्य पदवीला ५५ टक्के मिळवून फाउंडेशनशिवाय थेट इंटरमिजिएटला जाण्याची सोयही आहे. पुस्तपालन आवडत असेल तर घाबरू नकोस, जमाखर्चाला शिस्त लागते, प्रमेये लागत नाहीत. कायद्याची आवड जास्त असेल तर कंपनी सेक्रेटरी या अभ्यासक्रमाचीही माहिती घे.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. गोष्टी छान सांगतो, वाचन भरपूर आहे, पण अजून सात आणि पाचची बेरीज बोटांवर करतो. पाढे आज पाठ, उद्या विसरला. काट्याचे घड्याळ कळत नाही. शिक्षक आळशी म्हणतात. त्याला पुढे काय करता येईल?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : पुढचे करिअर आज ठरवायची गरज नाही, पण हे पत्र तुम्ही आत्ताच लिहिलेत ते फार बरे झाले. तुम्ही सांगितलेली लक्षणे एकत्र दिसत असतील, तर मुलाला आळशी म्हणणे ताबडतोब थांबायला हवे. संख्या लहान की मोठी याची जाण न येणे, पाढे न टिकणे, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांत गोंधळ होणे ही डिस्कॅल्क्युलिया या अध्ययन अक्षमतेची लक्षणे असू शकतात. असू शकतात एवढेच म्हणते. पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. मध्येच शाळा बदलणे, डोळ्यांचा दोष, किंवा तिसरी-चौथीत शिक्षकांची बसलेली भीती यांमुळेही असे होते. म्हणून आधी डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या मानसतज्ज्ञांकडे जा.

निदान झालेच, तर ते लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांसाठी जादा वेळेसह काही सवलतींची तरतूद आहे. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो, त्यामुळे दहावीच्या जानेवारीत धावाधाव करण्याऐवजी आठवी-नववीतच कागद पूर्ण करा. नियमित शाळेत फारच ओढाताण होत असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, दहावीला गणित सक्तीचे नाही, पाच विषय निवडता येतात. हा पर्याय शेवटी ठेवा, कारण दहावीला गणित नसेल तर पुढचे काही प्रवेश आणि काही नोकऱ्या हुकतात.

घरी पाढे पाठ करून घेणे काही दिवस बंद ठेवा. त्याला मंडईत न्या, पन्नासची नोट त्याच्या हातात द्या, भाजीवाल्या मावशींकडून परत आलेले पैसे त्याला मोजू द्या, आणि चुकला तर तिथेच रागावू नका. चिंचोके, खडे, मोजपट्टी असे हाताने हलवता येईल असे काही वापरून दहाच्या आतल्या बेरजा पक्क्या होऊ द्या. पुढचे सगळे त्यावर उभे राहते. आणि वाचन मात्र एका दिवसासाठीही तोडू नका. गणित सुधारेपर्यंत गोष्टीची पुस्तके बंद, अशी शिक्षा अनेक घरांत दिली जाते. तुमच्या मुलाला जे उत्तम येते तेच त्याच्याकडून काढून घेतल्यासारखे ते होईल. चाचणीचा अहवाल हाती आला की पुन्हा लिहा, शाळेशी काय बोलायचे ते आपण त्यावरून ठरवू.